पीएचपीवरून नोडवर आल्यावर: रीस्टार्ट केलं की चालतं, थोड्या वेळाने परत तेच

नोड म्हणजे सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारी प्रणाली. पीएचपीत मुरलेल्या माणसाला जावास्क्रिप्टची वाक्यरचना लवकर जमते. व्हेरिएबलच्या आधीचा डॉलर गेला, बाणाच्या जागी टिंब आलं, एवढं हाताला सवयीचं व्हायला फार दिवस लागत नाहीत. खरा त्रास साइट लाइव्ह गेल्यावर सुरू होतो. सकाळी ठणठणीत असलेलं ॲप दुपारी नुसतं फिरत राहतं, लॉगमध्ये एकही एरर नसते, प्रोसेस बंद करून चालू केली की सगळं सुरळीत. संध्याकाळी पुन्हा तेच.

म्हणून तपासाची सुरुवात एका प्रश्नाने करा: रीस्टार्ट केल्यावर बरं होतं का? होत असेल तर कारण बहुतेक वेळा प्रोसेसच्या दीर्घ आयुष्यात असतं. रीस्टार्ट करूनही प्रत्येक रिक्वेस्टला तीच चूक येत असेल, तर कारण व्हॅल्यूंच्या हाताळणीत किंवा विसरलेल्या अवेटमध्ये (उत्तर येईपर्यंत थांबायला सांगणारा शब्द) शोधा. या एका प्रश्नाने अर्धा वेळ वाचतो.

असं का, ते नीट समजून घ्या. पीएचपीत प्रत्येक रिक्वेस्टला स्क्रिप्ट कोऱ्या पाटीवर सुरू होते. पान पाठवून झालं की व्हेरिएबल्स, उघडलेल्या फायली, डेटाबेसचं साधं कनेक्शन, सगळं आपोआप आवरलं जातं. एफपीएमचे (पीएचपी चालवणाऱ्या व्यवस्थेचे) वर्कर तेच राहतात, पण तुमच्या स्क्रिप्टची स्थिती राहत नाही. नोडमध्ये एकच प्रोसेस दिवसेंदिवस चालते आणि सगळ्या युजरांच्या रिक्वेस्ट तिच्याच मेमरीत येऊन जातात. आवरण्याचं जे काम पीएचपी न सांगता करत होतं, ते आता तुमचं आहे.

साइट लटकते, एरर येत नाही

सगळ्यात जास्त छळणारा आणि सगळ्यात उशिरा सापडणारा दोष हाच. मायएसक्यूएल-टू या ड्रायव्हरच्या पूलमध्ये (उघडी ठेवून आळीपाळीने वापरायच्या कनेक्शन्सचा साठा) मुळात १० कनेक्शन्सची मर्यादा असते. सगळी गुंतलेली असतील तर पुढची रिक्वेस्ट रांगेत थांबते, आणि रांगेलाही मुळात मर्यादा नसते. म्हणून एरर येतच नाही. ब्राउझर फिरत बसतो.

थेट पूलवर क्वेरी चालवली तर कनेक्शन घेणं आणि परत देणं पूल स्वतः करतो, तिथे अडचण नाही. ट्रान्झॅक्शनसाठी (सगळ्या मिळून पक्क्या किंवा रद्द होणाऱ्या क्वेरींचा गट) मात्र गेट-कनेक्शन करून एक कनेक्शन हातात घ्यावं लागतं, आणि ते रिलीज करायची जबाबदारी तुमची. गळती बहुतेक वेळा मधूनच रिटर्न होणाऱ्या वाटेवर असते. ऑर्डर नोंदवणारं फंक्शन घ्या: कनेक्शन घेतलं, ट्रान्झॅक्शन सुरू केलं, स्टॉक तपासला, स्टॉक कमी निघाला म्हणून ४०० चा (चुकीच्या रिक्वेस्टचा) रिस्पॉन्स देऊन तिथूनच रिटर्न केलं. रिलीजची ओळ फंक्शनच्या तळाशी होती, तिथवर कोणी पोहोचलंच नाही. एक कनेक्शन गेलं. स्टॉक कमी असलेली ऑर्डर दहाव्यांदा आली की साइट बंद. म्हणूनच हे कधी तासात घडतं, कधी दोन दिवसांत, आणि टेस्टिंगमध्ये कधीच घडत नाही.

खात्री कशी करायची? साइट लटकलेली असतानाच मायएसक्यूएलमध्ये शो प्रोसेसलिस्ट चालवा. तुमच्या ॲपची बरोबर १० कनेक्शन्स दिसली आणि सगळी स्लीप अवस्थेत असली, तर निदान पक्कं. आता गळती नेमकी कुठे ते शोधायला पूलच्या अक्वायर, रिलीज आणि एनक्यू या तीन इव्हेंटवर एकेक लॉगची ओळ टाका. घेतलेली आणि परत दिलेली संख्या यांतलं अंतर ज्या रूटनंतर (एका पत्त्याची रिक्वेस्ट हाताळणारा कोड) वाढतं, तिथे गळती.

दुरुस्ती अशी: कनेक्शन घेतल्यावर लगेच ट्राय सुरू करा, कमिट (बदल पक्के करणं) ट्रायमध्ये ठेवा, रोलबॅक (बदल रद्द करणं) कॅचमध्ये आणि रिलीज फक्त फायनलीमध्ये. मधून रिटर्न केलं तरी फायनली चालतंच. पण मधल्या त्या रिटर्नच्या आधी रोलबॅकही करायला विसरू नका, कारण रिटर्न म्हणजे एरर नव्हे, त्या वाटेवर कॅच चालत नाही. रोलबॅक न करता कनेक्शन पूलमध्ये परत गेलं तर उघडं ट्रान्झॅक्शनही सोबत जातं; रिलीज करताना ड्रायव्हर ते मिटवत नाही. मग पुढचा बिचारा युजर त्याच अर्धवट ट्रान्झॅक्शनमध्ये लिहितो, आणि तिसऱ्याच कोणाला ५० सेकंद थांबून लॉक वेट टाइमआउट मिळतो. पीएचपीत स्क्रिप्ट संपली की कनेक्शन तुटायचं आणि रोलबॅक फुकटात व्हायचा.

मर्यादा १० वरून १०० करणं हा उपाय नव्हे. त्याने लटकणं थोडं पुढे ढकललं जातं, इतकंच. शिवाय मायएसक्यूएलची स्वतःची मर्यादा मुळात १५१ कनेक्शन्सची असते, आणि पूल प्रत्येक प्रोसेसचा वेगळा असतो. पीएम-टूने (नोडच्या प्रोसेस सांभाळणारं साधन) चार प्रोसेस चालवल्या तर १०० चे ४०० होतात आणि त्याच सर्व्हरवरची बाकीची ॲप्सही आडवी होतात.

रात्री चालू, सकाळी पहिली रिक्वेस्ट फेल

ॲप सुरू होताना एकच कनेक्शन उघडून तेच कायम वापरलं की हे होतं. मायएसक्यूएलचा वेट टाइमआउट मुळात २८८०० सेकंद, म्हणजे ८ तास. रात्रभर कोणी फिरकलं नाही की सर्व्हर कनेक्शन तोडतो आणि सकाळी प्रोटोकॉल कनेक्शन लॉस्ट अशी एरर येते. टाइमआउट वाढवत बसू नका, दर तासाला खोटी क्वेरी पाठवणारा टायमरही लावू नका. एकट्या कनेक्शनऐवजी पूल वापरा.

एकाचा डेटा दुसऱ्याला दिसतो

हा दोष सापडला की बाकी सगळं सोडून आधी तो मिटवा, कारण इथे लोकांची खासगी माहिती बाहेर जाते.

फाइलच्या वरच्या पातळीवर चालू युजर नावाचं व्हेरिएबल ठेवलं आणि लॉगिन तपासताना त्यात युजर भरला, की ते व्हेरिएबल सगळ्यांचं झालं. पहिल्या युजरची क्वेरी डेटाबेसकडे गेलेली असताना दुसऱ्याची रिक्वेस्ट येते, व्हेरिएबल बदलते, आणि पहिला परत येतो तेव्हा त्याच्या हातात दुसऱ्याचं नाव असतं. एकट्याने टेस्ट केलं तर हे कधीच दिसत नाही. दोन वेगळ्या ब्राउझरांत दोन खाती उघडा, रूटमध्ये मुद्दाम दोन-तीन सेकंदांचा विलंब टाका आणि दोन्हीकडे एकाच वेळी रिफ्रेश करा. त्या रिक्वेस्टपुरती माहिती रिक्वेस्ट ऑब्जेक्टवर किंवा रिस्पॉन्सच्या लोकल्समध्ये ठेवा. खोलवरच्या फंक्शनांपर्यंत ती प्रत्येक वेळी पोचवणं जड होत असेल तर नोडमधलं असिंक-लोकल-स्टोरेज त्यासाठीच आहे.

याचाच एक छुपा प्रकार: सर्चचा डिफॉल्ट फिल्टर फाइलच्या वर ऑब्जेक्ट म्हणून ठेवलेला. रूटमध्ये तो नव्या नावाने घेतला आणि त्यात शहर नाशिक असं भरलं. पीएचपीत ॲरे नव्या नावाला दिला की प्रत बनते, म्हणून हाच कोड तिथे निर्धोक होता. जावास्क्रिप्टमध्ये दोन्ही नावं एकाच ऑब्जेक्टकडे बोट दाखवतात. त्या क्षणापासून सगळ्यांना फक्त नाशिकचे निकाल, रीस्टार्ट होईपर्यंत. तीन टिंबांच्या स्प्रेडने फक्त वरच्या थराची प्रत होते, आत ॲरे किंवा ऑब्जेक्ट असेल तर तो सामायिकच राहतो. पूर्ण प्रत हवी तर नोड १७ पासून स्ट्रक्चर्ड-क्लोन आहे. सगळ्यात बरं म्हणजे डिफॉल्ट देणारं छोटं फंक्शन लिहा, जे दर वेळी नवा ऑब्जेक्ट परत देईल.

एका युजरची चूक आणि सगळी साइट ५०२

पीएचपीत न पकडलेली एरर त्या एका पानापुरती असते. नोडमध्ये ती अख्खी प्रोसेस पाडू शकते, आणि पुढे उभा असलेला एनजिनएक्स हा वेब सर्व्हर सगळ्यांना ५०२, म्हणजे मागचं ॲप उत्तर देत नाही, असं दाखवतो. नोड १५ पासून न पकडलेलं प्रॉमिस-रिजेक्शनही (नंतर येणाऱ्या उत्तराच्या जागी आलेली एरर) प्रोसेस बंद करतं. एक्स्प्रेस (नोडचं वेब फ्रेमवर्क) ४ मध्ये असिंक रूटमधली एरर आपोआप एरर-हँडलरकडे जात नाही, ट्राय-कॅच लावून नेक्स्टला द्यावी लागते. एक्स्प्रेस ५ मध्ये ती आपोआप जाते. नवं काम सुरू करताय तर थेट ५ घ्या.

सिस्टिमडी किंवा पीएम-टूने प्रोसेस आपोआप उठवायची सोय हवीच, पण तिच्यावर विसंबून एरर तशीच ठेवू नका. पीएम-टूच्या यादीत रीस्टार्टचा आकडा दिसतो. तो वाढत असेल तर साइट दिवसभर पडते आहे आणि उठते आहे.

कोड बदलला तरी पान जुनंच दिसतं, हाही याच घरातला प्रश्न, पण किरकोळ. मॉड्यूल एकदाच लोड होऊन मेमरीत राहतं. डेव्हलपमेंटला नोडचा वॉच पर्याय वापरा, लाइव्हवर डिप्लॉयच्या शेवटी रीस्टार्टची पायरी टाका.

एक रिपोर्ट काढला की सगळे थांबतात

पीएचपीत एका वर्करने ४० सेकंदांची एक्सेल बनवली तरी बाकीचे वर्कर मोकळे असतात. नोडमध्ये तुमचा जावास्क्रिप्ट कोड एकाच थ्रेडवर चालतो. डेटाबेसची वाट पाहताना तो थ्रेड मोकळा असतो, पण ५०,००० ओळींवर लूप फिरवताना नसतो, आणि नावात सिंक असलेली फंक्शन्स चालतानाही नसतो. पासवर्ड हॅश करायचं सिंक रूप रूटमध्ये असेल तर ते आधी काढा. जड रिपोर्ट वर्कर-थ्रेडमध्ये किंवा वेगळ्या जॉब-प्रोसेसमध्ये न्या आणि फाइल तयार झाली की लिंक द्या.

चुकीचा पासवर्ड टाकला तरी लॉगिन होतं

आता रीस्टार्टने न सुधारणारे दोष. यातला पहिला अवेट विसरण्याचा. पीएचपीत फंक्शन बोलावलं की उत्तर हातात येतं. नोडमध्ये डेटाबेस, फाइल, नेटवर्क यांपैकी कशालाही हात लावला की बहुधा प्रॉमिस, म्हणजे नंतर येणाऱ्या उत्तराची हमी, मिळतं. पानावर ऑब्जेक्ट प्रॉमिस असं छापून आलं तर नशीब चांगलं, चूक लगेच दिसते. घातक जागा म्हणजे इफ. पासवर्ड तपासणाऱ्या बीक्रिप्टचं कंपेअर प्रॉमिस देतं, आणि प्रॉमिस हा ऑब्जेक्ट असल्यामुळे इफमध्ये तो नेहमी खराच ठरतो. अवेट राहिलं की कोणत्याही पासवर्डने कोणीही आत. योग्य पासवर्डने टेस्ट करणाऱ्याला सगळं बरोबरच दिसतं. लॉगिनची पहिली टेस्ट नेहमी चुकीच्या पासवर्डची करा.

डोळ्यांवर भरवसा ठेवण्यापेक्षा लिंटर, म्हणजे कोडमधल्या चुका दाखवणारं साधन, लावा. टाइपस्क्रिप्ट-ईएसलिंटचे नो-फ्लोटिंग-प्रॉमिसेस आणि नो-मिसयूज्ड-प्रॉमिसेस हे दोन नियम नेमकं हेच पकडतात. त्यांना टाइपची माहिती लागते, त्यामुळे प्रोजेक्ट साध्या जावास्क्रिप्टमध्ये असेल तर टीएस-कॉन्फिगमध्ये अलाउ-जेएस चालू करावं लागतं. या अर्ध्या तासाच्या कामाइतकं फळ दुसऱ्या कशानेच मिळत नाही.

फॉर-ईच अवेटसाठी थांबत नाही, हेही लक्षात ठेवा. त्यात ईमेल पाठवले तर सगळे ईमेल गेले हा संदेश आधी दिसतो आणि ईमेल नंतर जात राहतात. एकामागून एक हवं असेल तर फॉर-ऑफ आणि आत अवेट. एकदम हवं असेल तर मॅप आणि प्रॉमिस-ऑल, पण ५,००० नोंदी एकदम सोडू नका, पन्नास-पन्नासच्या तुकड्यांत पाठवा.

बिलाची बेरीज ०२५०.००९९.५० येते

असा आकडा दिसला की कारण ठरलेलं. मायएसक्यूएल-टू डेसिमल कॉलम स्ट्रिंग म्हणून देतो. पीएचपीत अधिकचं चिन्ह फक्त बेरीज करतं, जोडण्यासाठी टिंब वेगळं आहे. जावास्क्रिप्टमध्ये अधिकच्या एका बाजूला जरी स्ट्रिंग असली तरी जोडणी होते. शून्यापासून सुरू केलेल्या बेरजेत २५०.०० आणि ९९.५० या दोन स्ट्रिंगा आल्या की वरचा आकडा बनतो. पुढे चिकटलेलं शून्य ही त्याची खूण. गुणाकार मात्र स्ट्रिंगचा नंबर करून घेतो, म्हणून नग गुणिले दर बरोबर येतं आणि त्यात जीएसटी मिळवताना गणित फसतं. फॉर्ममधून आलेली प्रत्येक व्हॅल्यूही स्ट्रिंगच असते.

बेरीज एसक्यूएलमध्येच करा किंवा रुपयांऐवजी पैशांत, म्हणजे पूर्णांकात, हिशेब ठेवा. नंबर फंक्शनने बदलताना रिकाम्या स्ट्रिंगचं शून्य होतं हे ध्यानात असू द्या. रक्कम न भरलेला फॉर्म शून्य रुपयांचा म्हणून निमूट सेव्ह होईल. रिकामं आहे का ते आधी तपासा.

खरं-खोटं ठरवण्याचे नियमही वेगळे आहेत. शून्य ही स्ट्रिंग आणि रिकामा ॲरे पीएचपीत खोटे ठरतात, जावास्क्रिप्टमध्ये दोन्ही खरे. त्यामुळे नोंदी सापडल्या का, हे इफमध्ये थेट ॲरे टाकून तपासलं तर उत्तर नेहमी हो. लेंग्थ तपासा. त्यातही एक खड्डा आहे: मायएसक्यूएल-टूच्या प्रॉमिस रूपात क्वेरी दोन गोष्टींचा ॲरे देते, पहिली नोंदी आणि दुसरी कॉलमांची माहिती. चौकटी कंसाने पहिली वेगळी काढली नाही तर लेंग्थ कायम २ येते.

गुणानुक्रमे लावलेली यादी पानावर रोल नंबरच्या क्रमाने दिसते, ही तक्रारही हमखास येते. पीएचपीचा ॲरे की कोणतीही असो, टाकलेला क्रम जपतो. जावास्क्रिप्टच्या ऑब्जेक्टमध्ये पूर्णांकासारख्या की चढत्या क्रमाने पुढे येतात. ॲरे वापरा, किंवा मॅप. मॅप थेट जेसनमध्ये पाठवला तर रिकामा महिरपी कंस जातो, म्हणून आधी त्याचा ॲरे करा. आणि सॉर्टला तुलनेचं फंक्शन न देता नंबर दिले तर ९ हा १०० नंतर येतो, कारण तुलना अक्षरांसारखी होते.

तारीख एक दिवस मागे

डेट कॉलममध्ये १५ ऑगस्ट २०२५ आहे. ड्रायव्हर त्याचा डेट ऑब्जेक्ट बनवतो, स्थानिक मध्यरात्रीचा. जेसन करताना तो यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) जातो, आणि भारतीय वेळ साडेपाच तास पुढे असल्यामुळे १४ ऑगस्ट, १८:३० असं लिहिलं जातं. पहिले दहा वर्ण कापून दाखवले की १४ तारीख. लॅपटॉपवर हे होतं, पण यूटीसीवर चालणाऱ्या सर्व्हरवर बरोबर दिसतं, त्यामुळे शोधणारा चक्रावतो. जन्मतारीख, देय तारीख अशा वेळ नसलेल्या तारखांसाठी पूलच्या सेटिंगमध्ये डेट-स्ट्रिंग्स चालू करा आणि त्या शेवटपर्यंत स्ट्रिंगच ठेवा. डेट ऑब्जेक्टमध्ये महिने ० पासून मोजले जातात, म्हणून ऑगस्ट म्हणजे ७.

फॉर्म रिकामा येतो, जुने युजर लॉगिन करू शकत नाहीत

एक्स्प्रेसमध्ये बॉडी आपोआप भरत नाही. साध्या फॉर्मसाठी यूआरएल-एनकोडेड, जेसनसाठी जेसन पार्सर, फाइल असलेल्या फॉर्मसाठी मल्टर, आणि तिन्ही रूटच्या आधी जोडलेले हवेत. जेसनची मर्यादा मुळात १०० केबी असते. पीएचपीत ८ एमबीपर्यंत जाणारं पोस्ट इथे ४१३ (मजकूर फार मोठा) ही एरर देतं. फील्डच्या नावामागे चौकटी कंस लावून ॲरे पाठवायची सवय असेल तर एक्सटेंडेड पर्याय चालू करा. एक्स्प्रेस ५ मध्ये तो मुळात बंद असतो.

पीएचपीच्या पासवर्ड-हॅशने बनवलेले बीक्रिप्ट हॅश डॉलर-२-वाय-डॉलरने सुरू होतात. नोडची बीक्रिप्ट लायब्ररी २-ए आणि २-बी ओळखते. तपासण्याआधी सुरुवातीचं २-वाय बदलून २-बी करा, बाकी हॅश जसाच्या तसा चालतो. सगळ्यांना पासवर्ड रीसेट करायला लावायची गरज नाही.

लॉगिन होतं आणि पुढच्याच पानावर पुन्हा लॉगिन मागतं, तर सेशन कुकी बसतच नाहीये. सिक्युअर कुकी, पुढे एनजिनएक्स, आणि ट्रस्ट-प्रॉक्सीचं सेटिंग नाही, अशा वेळी एक्स्प्रेसला वाटतं कनेक्शन साधं आहे, आणि तो कुकी पाठवत नाही. ट्रस्ट-प्रॉक्सी १ करा आणि एनजिनएक्समधून एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो हेडर जातो ना ते पहा. मधूनच लॉगआउट होत असेल तर सेशन मेमरीत आहेत. ते रेडिसमध्ये (वेगळा चालणारा मेमरीतला डेटा-साठा) किंवा डेटाबेसमध्ये न्या.

मराठी मजकूर

मराठी या शब्दाची लांबी पीएचपीच्या स्ट्रलेनमध्ये १५ येते, कारण ते बाइट मोजतं. जावास्क्रिप्टमध्ये ५ येते, आणि वाचणाऱ्याला अक्षरं दिसतात ३. जुन्या कोडमधल्या मर्यादा तशाच आणल्या तर शीर्षकं भलत्याच ठिकाणी कापली जातात आणि काना-वेलांटी सुटी पडते. कापायचं असेल तर इंटल-सेगमेंटर वापरा. नावांची यादी नुसत्या सॉर्टने लावली तर युनिकोडच्या क्रमामुळे ळ हा ल आणि व यांच्या मध्ये येतो. आपल्या वर्णमालेत तो ह नंतर आहे. इंटल-कोलेटरला एमआर लोकेल द्या आणि तोच कोलेटर सगळीकडे वापरा. मात्र डेटाबेसने ऑर्डर-बाय करून पानापानाने दिलेली यादी नोडमध्ये पुन्हा लावू नका, नाहीतर पहिल्या पानाच्या शेवटचं नाव आणि दुसऱ्या पानाचं पहिलं नाव जुळणार नाही.